जेवणाच्या टेबलावरचं गाव

"हात दिसतोय! कुणाचा आहे तो हात?"

आमच्या सरांचा हा आवाज मी पंचवीस वर्षांपूर्वी ऐकला. रिकाम्या पिंपावर डाव आपटावा तसा आवाज. अजूनही कुणी माझ्या हातात कॅमेरा दिला आणि मी एक डोळा मिटला, की तो आवाज कानामागे येऊन उभा राहतो आणि मी बटण दाबण्याआधी उगाच चारी कोपरे तपासून घेतो.

छायाचित्रणाच्या वर्गात सर खिडकीपाशी उभे होते. निगेटिव्हची पट्टी त्यांनी उजेडाला धरली होती आणि आम्ही बारा विद्यार्थी निकाल लागायच्या चेहऱ्याने मागे उभे होतो. सोळाव्या चौकटीत माझं गाव होतं. नखाएवढी माणसं, बोटभर रस्ता. आणि गावाच्या आभाळात, जिथे फार तर एखादा पक्षी शोभला असता, तिथे दोन बोटं आणि एक चिमटा.

"माझाच हात आहे, सर."

"मग बटण कुणी दाबलं?"

"टायमर लावला होता, सर. दहा सेकंदांचा."

खरं बोलताना मी अडखळतो. खोटं बोलताना मला सेकंदसुद्धा सुचतात. सरांनी पट्टीवरून माझ्याकडे पाहिलं, माझ्यावरून पुन्हा पट्टीकडे पाहिलं. "काढून टाक तो कॉम्प्युटरवर. गाव चांगलं आहे. हे घेतलं."

हात माझा नव्हता, माझ्या दादाचा होता. आणि गाव चांगलं होतं ते त्या हातामुळेच होतं. पण हे मी तेव्हा बोललो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि माझी अब्रू पुष्कळच वाचली असती.

झालं होतं असं. सरांनी एका चित्रकर्तीचं जाडजूड पुस्तक वर्गात आणलं होतं. ही बाई म्हणे दोन वर्षं आजारी होती, अंथरुणावरून उठता येत नव्हतं. तेव्हा तिने पांघरुणावरच जग वसवलं. गुडघ्याचा डोंगर, सुरकुत्यांच्या दऱ्या, शर्टाच्या बटणांचं बंदर, औषधाच्या बाटल्यांचे मनोरे, आणि त्यातून हिंडणारी इवली इवली माणसं. पानं उलटताना आम्ही एकमेकांच्या खांद्यांवरून वाकत होतो. मलाही काहीतरी होऊन गेलं. एवढंसं जग इतकं भरलेलं असू शकतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

सर म्हणाले, "तिने पांघरूण घेतलं, तुम्ही तुमच्या घरातलं काहीही घ्या. एक देखावा मांडा, त्याचा फोटो काढा, संगणकावर साफसूफ करा. सहा चित्रं प्रदर्शनात लागतील. पहिलं ज्याचं येईल त्याला, परीक्षक म्हणून येणाऱ्या पाहुण्यांच्या स्टुडिओत नोकरी. आणि ऐका! काम ज्याचं त्याने एकट्याने करायचं. मदत घेतलेली दिसली तर चित्र बाद."

नोकरी म्हटल्यावर मी कान टवकारले. पदवी घेऊन दोन वर्षं झाली होती आणि मी दादाच्या पगारावर जेवत होतो. दादा कधी बोलला नाही, वहिनी कधी बोलली नाही. पण न बोलणाऱ्या माणसांच्या घरात घास जरा मोठाच वाटतो गिळायला.

तर मी घरी जाऊन कामाला लागलो. आता माझ्या हाताबद्दल सांगायला हवं. माझा हात चहाचा कप नेतानासुद्धा बशीशी गप्पा मारत जातो. सुईत दोरा ओवायचा तर सुई, दोरा आणि मी अशा तिघांची तीन दिशांना तोंडं. पहिल्या दिवशी मी साखरेच्या वड्यांची शाळा बांधली. ती माझ्याच श्वासाने पडली. दुसऱ्या दिवशी काड्यापेट्यांची चाळ उभारली. ती उभी राहिली, पण मी टाळी वाजवली आणि टाळीने ती गेली. तिसऱ्या दिवशी मी कपाळाला हात लावून बसलो असताना दादा कामावरून आला.

दादा छापखान्यात जुळारी होता. म्हणजे शिशाचे खिळे, भिंतीत ठोकायचे नव्हेत, अक्षरांचे खिळे, एकेक उचलून ओळी जुळवणारा. माझ्याहून तो बारा वर्षांनी मोठा, आणि सोळाव्या वर्षापासून त्याने दुसरं काही केलं नव्हतं. तांदळाच्या दाण्याएवढी अक्षरं तो न बघता उचलायचा, पाखराने दाणा टिपावा तशी. त्याच्या नखांत शाई कायमची राहायला आली होती. बाहेर माझे कॉलेजातले मित्र भेटले की तो दोन्ही हात खिशात घालायचा. मी कधी "घाल" म्हटलं नव्हतं. "काढ" असंही म्हटलं नव्हतं.

दादाने पडलेल्या चाळीकडे पाहिलं. "काय मोडलंस?"

"मोडलं नाही. गाव आहे."

"भूकंप झाला का?" असं म्हणून त्याने दोन बोटांनी चार काड्यापेट्या उचलल्या आणि ठेवल्या. त्या राहिल्या. मग तो म्हणाला, "काड्यापेट्यांत काय दम नाही, धाकट्या. आमच्याकडे झिजलेले खिळे पडलेत गोणीभर. मालकांना विचारतो."

दुसऱ्या दिवशी तो डब्याच्या पिशवीतून गाव घेऊन आला. पोस्टरांचे बोटभर उंचीचे मोठे खिळे म्हणजे इमारती. मधले खिळे घरं. बारीक खिळ्यांची फरसबंदी. ओळींमध्ये घालायच्या शिशाच्या पट्ट्यांचे जिने. आणि पाट्या! चार खिळे आडवे निजवायचे, तोंडं आपल्याकडे करायची, दोऱ्याने बांधायचे, अक्षरांवर जराशी शाई टेकवायची. झाली दुकानाची पाटी. 'टपाल', 'दवाखाना', 'न्हावी', 'चहा'. मी एकही खिळा उचलला नाही. मी नुसता "इकडे, जरा तिकडे" म्हणत होतो. एकट्यानेच म्हणत होतो, हे मात्र खरं.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. तिला गाणी जुळवायची सवय होती. निवडता-टिपता ती दोन ओळी सहज गुणगुणून जायची. तेव्हाही गुणगुणली:

"नखाएवढं गं गाव, त्याला बोटाएवढी वाट,
दोन भावांनी मांडला माझ्या टेबलावर थाट."

मग गाणं थांबवून, "आणि जेवायचं कुठे? गावात का?"

"आज जमिनीवर बसू," दादा म्हणाला.

आम्ही तीन आठवडे जमिनीवर बसलो.

गाव वसतंय ही बातमी जिन्यावरून वर गेली आणि मोजणीदार काका खाली आले. काका निवृत्त होते, पण त्यांच्यातली मोजणी निवृत्त झाली नव्हती. ते बसतानासुद्धा खुर्ची भिंतीपासून किती, हे बघायचे. त्यांनी टेबलाला एक फेरी मारली, दुसरी फेरी मारली, आणि थांबून विचारलं, "पाणी कुठे जाणार?"

"कुठलं पाणी, काका?"

"पावसाचं. सांडपाण्याचं. उतार कुठे दिलायस? हा दवाखाना पहिल्या पावसात पोहत टपाल कचेरीत जाईल."

"काका, हे फोटोसाठी आहे."

"फोटोतलं गाव म्हणून लोकांनी चिखलात राहायचं?"

ते वर गेले आणि पाण्याचा बुडबुडा असलेली सपाटी मोजायची नळी घेऊन आले. टेबलाच्या एका पायाखाली त्यांनी वर्तमानपत्राची घडी सरकवली. उतार मिळाला. त्याबरोबर न्हावी, त्याचं गिऱ्हाईक आणि अर्धी चाळ उताराने नदीत गेली. नदी म्हणजे वहिनीचा निळा रुमाल. दादाने घडी काढली, न्हाव्याला बाहेर काढलं, पुसलं आणि पुन्हा दुकानात बसवलं. काका तेवढ्यात उत्तर दिशा कुठली यावर विचार करू लागले होते.

माणसं मेणाची होती. ती दादानेच वळली, टाचणीच्या टोकाने नाकं काढून. टपालवाला तर असा झाला होता की आता हाक मारेल. मी दोनशेचा बल्ब लावला, उजेड छान पडला, आणि पाहता पाहता टपालवाला नम्र होऊ लागला. आधी मान झुकली. मग कंबर. मग त्याने रस्त्याला साष्टांग नमस्कार घातला. गावातली सगळी प्रजा एकेक करून लोळण घेत होती आणि मी कॅमेऱ्यामागून ओरडत होतो, "दादा, शिक्षिका गेली! दादा, डॉक्टर वितळले!"

दादाने सगळ्यांना पुन्हा वळलं. म्हणाला, "दिवा नको. सकाळचं ऊन घे. खिडकीतून साडेआठला येतं, नऊला जातं. तेवढ्यात उरक."

म्हणून चित्राचं नाव 'एका गावाची सकाळ' पडलं. मी सरांना मात्र सांगितलं होतं की सकाळच्या कोवळ्या प्रकाशात मला एक आदिम निरागसता जाणवते.

पहिल्या सकाळी मी छत्तीस फोटो काढले. श्वास रोखून, घाम पुसत, छत्तीस. मग कळलं की रोल कॅमेऱ्यातल्या चाकाच्या दातांना अडकलाच नव्हता. आत फिल्म जागच्या जागी बसून होती आणि मी अर्धा तास हवेचे फोटो काढत होतो. दुसऱ्या सकाळी मुंग्या आल्या. नदीकाठी वाळू म्हणून मी साखर पसरली होती. छत्तीसपैकी तीस फोटोंत चहाच्या दुकानापुढे म्हशीएवढ्या मुंग्या रांगेत उभ्या. काका एकटे खूश झाले. "गावात जनावरं हवीतच," ते म्हणाले.

आणि तिसऱ्या सकाळच्या आधी आला तो फॉर्म.

संस्थेच्या कार्यालयात एक बाई होत्या. त्यांनी चष्म्यावरून माझा फॉर्म पाहिला. "स्थळ?"

"गाव."

"कोणतं?"

"त्याला नाव नाही. आमच्या टेबलावर आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "नियम सात. बाहेर चित्रण केल्यास जागेच्या मालकाची लेखी परवानगी आणि स्थळाचा नकाशा. टेबल कुणाचं?"

"वहिनीचं. तिने शिवणकाम करून घेतलंय."

"मग वहिनींची परवानगी आणा. दोन प्रतींत."

"बाई, पण हे बाहेरचं चित्रण नाही. स्वयंपाकघरातलं आहे."

"चित्रात आभाळ आहे का?"

"आहे."

"मग बाहेरचं."

या उत्तरातली चूक मी पंचवीस वर्षं शोधतो आहे. सापडलेली नाही.

वहिनीने परवानगी लिहून दिली. मला त्यातली ओळ न् ओळ आठवते: 'माझ्या मालकीच्या टेबलावर गाव ठेवण्यास माझी पुढील अटींवर हरकत नाही. शिशाला हात लावल्यावर दोनदा साबणाने धुवावेत. कापूस, साखर, मीठ विचारून घ्यावे. नदी धुऊन परत करावी. गाव महिनाअखेर उठवावे.' नकाशा अर्थातच काकांनी काढला. मोठ्या कागदावर, उतारासह, उत्तरेच्या बाणासह, आणि आम्ही न बांधलेल्या दोन सार्वजनिक शौचालयांसह. बाईंनी तो मिनिटभर बघितला आणि पहिल्यांदाच मान डोलावली. "असं काम हवं," म्हणाल्या. मग फॉर्मच्या तळाशी बोट ठेवलं. "इथे सही. 'सदर काम मी एकट्याने केले आहे.'"

मी सही केली. माझा हात हलतो म्हटलं ना. त्या दिवशी अजिबात हलला नाही.

तिसऱ्या सकाळी ऊन वेळेवर आलं. साखर नव्हती, मीठ होतं. माणसं उभी होती. दादाने चिमट्यात कापसाचा पुंजका धरला आणि गावावर ढग आणला. "पुढे, अजून पुढे," मी म्हणत होतो, आणि तो टेबलाच्या कडेवर कोपर टेकून, श्वास धरून, ते एवढंसं आभाळ तोलत होता. न्हाव्याच्या दुकानावर सावली पडली, टपालवाल्याच्या टोपीवर ऊन राहिलं. त्याच क्षणी मी बटण दाबलं. बोटं चौकटीत आली होती, हे मला दिसलं. पण असं ऊन पुन्हा येतं का? ती सोळावी चौकट. पुढच्या वीस चौकटींत बोटं नाहीत, आणि काही म्हणजे काहीच नाही.

सरांनी सोळावी घेतली. मी दहा सेकंदांचं खोटं बोललो. ते सांगून झालंच आहे.

मग संगणक. वर्गात दोन संगणक होते, त्यांतला एक चालू होता, आणि आम्ही बारा. प्रत्येकाला चाळीस मिनिटं. कुणी साबणाच्या बशीतलं बंदर घेऊन बसलेलं, कुणी पॅन्टच्या चेनचा लोहमार्ग घेऊन. त्या संगणकात एक करामत होती: चांगल्या जागचं आभाळ उचलायचं आणि नको त्या जागेवर डकवायचं. मी दादाच्या बोटांवर आभाळ डकवत सुटलो. आधी नख गेलं. मग नखातली शाई. मग पेरावरचा जुना व्रण, छपाईच्या ट्रेडल मशिनीत सापडला होता तो. हे बोट धरून मी शाळेत गेलो होतो. आता ते मी तिळातिळाने पुसत होतो आणि मागे रांगेत उभी असलेली लोहमार्गवाली म्हणत होती, "आटप ना, माझी गाडी खोळंबलीये."

तिसऱ्या दिवशी बोट पुरतं पुसलं, तेव्हा संगणक बंद पडला. सुरू केला तर बोट जागच्या जागी. पाचव्या दिवशी पुन्हा तेच. जणू ते म्हणत होतं, जातो कुठे मी? आठव्या दिवशी एकदाचं गेलं. ढग अधांतरी राहिला. मी चित्र मोठं करकरून पाहिलं, पाट्यांवरचे शाईचे डागसुद्धा टिपून काढले. कसलीही चूक सोडली नाही. निदान माझी तशी समजूत होती.

प्रदर्शनाच्या सकाळी शिपायाने चित्रं टांगली. माझं चित्र दोन हात रुंद छापून आलं होतं. लोक येऊ लागले. माझ्या चित्रापुढे थांबायचे, मान एका खांद्याकडे टाकायचे, मग दुसऱ्या खांद्याकडे, आणि पुढे जायचे. मला वाटलं, भारावले.

मग काका आले. त्यांनी चित्र पाहिलं, चष्मा पुसला, आणि अख्ख्या दालनाला ऐकू जाईल असं म्हणाले, "अरे, गाव उलटं आहे!"

मी म्हटलं, "काका, उतार नाहीच देता आला."

"उतार कसला! पाट्या बघ! दवाखाना उलटा, टपाल उलटं, न्हावी उलटा! आरशात असल्यासारखं!"

मी पाहिलं. 'टपाल' लिहिलं होतं, स्वच्छ. 'दवाखाना' लिहिलं होतं, स्वच्छ. मी तसं काकांना वाचूनही दाखवलं. आणि वाचता वाचता मला खिळे आठवले.

छापायचे खिळे उलटेच असतात. कागदावर दाबले की अक्षर सुलट उमटतं. हे जगाला माहीत आहे. आम्हाला तर असं माहीत होतं की माहीत असल्याचंही आठवू नये. शाळा सुटली की मी छापखान्यात दादाच्या पायाशी बसायचो आणि जुळलेल्या पानांवरून बोट फिरवत वाचायचो. उलटं आणि सुलट असे दोन प्रकार असतात, हे माझ्या डोळ्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. सरांनी निवडलं निगेटिव्ह पाहून, आणि पारदर्शक पट्टी उलट बाजूने धरली की अक्षरंही सुलट दिसतात. म्हणून साऱ्या जगात ही चूक होऊ शकेल असं एकच घर होतं, आणि त्या घरात ती झाली होती.

शिपाई कामाचा माणूस. तो हात धुवायच्या जागेवरचा आरसा काढून घेऊन आला आणि चित्रासमोर धरून उभा राहिला. "आता वाचा," म्हणाला. लोक वाचू लागले. आरशात गाव सुलट झालं, आणि बघणाऱ्याचा चेहराही गावात आला. कुणी न्हाव्याच्या दुकानाशेजारी उभं, कुणी टपाल कचेरीच्या गच्चीवरून डोकावतंय. रांग लागली. कार्यालयातल्या बाईसुद्धा रांगेत आल्या आणि आरशाच्या परवानगीबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत.

त्या रांगेच्या टोकाला वहिनी होती, आणि वहिनीच्या मागे दादा. इस्त्रीचा शर्ट. दोन्ही हात खिशात.

इतक्यात सर पाहुण्यांना घेऊन आले. पाहुण्यांनी चित्र पाहिलं, आरशात पाहिलं, पुन्हा चित्र पाहिलं. त्यांचा चेहरा गंभीर झाला. "वा," ते म्हणाले. "आपण सुलट वाचतो ते गाव, की उलट दिसतं ते? काय प्रश्न विचारलाय या मुलाने!" सर माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे उत्तर तयार होतं, अगदी शब्दांसह: समाजाचं प्रतिबिंब, अंतर्मुख दृष्टी. जिभेवर येऊन बसलं होतं.

"आणि हा ढग," पाहुणे वाकून म्हणाले, "कशावर टांगलात? दोरा दिसत नाही कुठे."

साधा प्रश्न. "बारीक नायलॉनचा दोरा होता," एवढं म्हणायचं होतं. नोकरी तिथेच, चार पावलांवर उभी होती. मी तोंड उघडलं आणि वर पाहिलं. दादा रांगेतून माझ्याकडेच बघत होता. काळजीने. मी अडखळू नये म्हणून, लहानपणी कविता म्हणताना बघायचा तसा. त्याचे ओठसुद्धा हलत होते बहुतेक.

"दोरा नव्हता," मी म्हणालो. आणि अडखळलो. "ते... हात होता. दादाने धरला होता ढग. मी तो हात पुसला. आणि गावही... सर, टायमर नव्हता. गाव दादानेच मांडलंय. पाट्या उलट्या आहेत हे मुद्दाम नाही. चुकून आहे. मला उलट्या दिसल्याच नाहीत."

शिपायाच्या हातातला आरसा जरा खाली आला. काका म्हणाले, "नकाशा मात्र माझा आहे."

सरांनी खिशातून पेन्सिल काढली, चित्राखालच्या कार्डावरचा स्पर्धेचा क्रमांक खोडला आणि पिंपावरच्या त्या आवाजात म्हणाले, "बाद." मग आवाज खाली आणून म्हणाले, "चित्र राहू दे भिंतीवर," आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली. "जागा आहे कार्डावर. दुसरं नाव लिही." मी लिहिलं. माझ्या नावाच्या खाली नव्हे; तिथे जागा नव्हती. वर लिहावं लागलं.

नोकरी लोहमार्गवालीला मिळाली. चांगलं होतं तिचं चित्र. मी सहा महिन्यांनी विम्याच्या कार्यालयात चिकटलो, आणि चिकटलो तो अजून आहे.

आम्ही बाहेर पायऱ्यांवर आलो. वहिनी आणि काका पुढे चालले होते. नदी धुतल्यावर डाग का राहिला, यावर त्यांचं काही चाललं होतं. दादा एक पायरी उतरला आणि थांबला.

"मी तुझं नुकसान केलं, धाकट्या."

"तू? सही मी केली होती. खोटं मी बोललो."

"ते नाही." त्याने खिशातून हात काढले, ते कुठे ठेवावेत हे न सुचल्यासारखे बघितले, आणि कठड्यावर ठेवले. "पाट्या उलट्या येणार, हे मला माहीत होतं. पहिल्याच दिवशी. वीस वर्षं हेच करतोय मी, मला नाही कळणार? छापखान्यातून कागदावर ठसे उमटवून आणून चिकटवले असते की संपलं. सांगणारच होतो."

"मग?"

"मग तू कॅमेऱ्याला डोळा लावलास. म्हटलं, आता हा विचारेल, दादा, हे असं काय दिसतंय? आणि तू म्हणालास, 'दादा, दवाखान्यातला खा जरा खाली गेलाय.' वाचलंस तू. धडधडीत, एका दमात." तो हसला. "मला वाटत होतं, तू एवढा शिकलास, आमचं वाचणं कधीच विसरला असशील. तिथे बसायचास ते विसरला असशील. म्हणून नाही बोललो रे. बोललो असतो, तर तू ते सुलट केलं असतंस."